ढगीचे पन्नास ग्रॅम

“वाच,” नाना म्हणाले. “पण हळू आवाजात.”

आम्ही दोघं कडबाकुट्टीच्या यंत्रामागं उकिडवे बसलो होतो. नानांच्या हातात एक साधी पारदर्शक पिशवी होती. आत विटकरी रंगाची पावडर, आणि पावडरीवर घडी घालून ठेवलेला छापील कागद. पशुखाद्याच्या कारखान्यात कामाला असलेल्या त्यांच्या मित्रानं मोठ्या पोत्यातून काढून दिली होती म्हणे, ‘असली माल’ म्हणून. कागद इंग्रजीत होता. आमच्या वस्तीवर कुणाकडंही इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडं यायचा.

“कॉपर,” मी वाचलं. “झिंक. मँगनीज. कोबाल्ट. आयोडीन. सेलेनियम.” गॅदरिंगला बक्षिसांची नावं पुकारतात ना, तशी मी एकेक नाव पुकारत होते.

“म्हणजे चांगलंय?”

“चांगलं काय नाना, एक नंबर! डॉक्टर मुलाणी मॅडमनी दूध संस्थेत हीच सहा नावं सांगितली होती.”

“मग किती टाकायचं?”

कागदावर खाली बारीक अक्षरात अजून चार ओळी होत्या. त्या मला दिसल्या होत्या, हे मी आत्ताच कबूल करून टाकते. पण उत्तर मला आधीपासून येत होतं. येत असलेल्या उत्तरासाठी पुस्तक कोण उघडतं?

“पन्नास ग्रॅम,” मी म्हणाले. “रोज. भरड्यात कालवून.”

नानांनी मान डोलावली, पिशवी विहिरीच्या मोटारीच्या पेटीमागं सरकवली आणि वर गोणपाट टाकलं.

“आणि हे बघ प्रणे, तुझ्या बापाच्या कानावर यातलं अक्षर जाता कामा नये.”

“नाही जाणार,” मी छातीवर हात ठेवून सांगितलं.

अगदी हेच वचन मी चार दिवसांपूर्वी आप्पांना दिलं होतं.

आता मी बारावीला आहे, तेव्हा नववीत होते. त्याच्या दोन वर्षं आधी आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि नाना, म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, वेगळे झाले होते. पाइपलाइन कुणाच्या रानातून न्यायची यावरून सुरू झालं आणि पार चुली वेगळ्या होईपर्यंत गेलं. रान वाटलं. विहिरीचं पाणी दिवसाआड वाटलं. ट्रॉली एकाकडं गेली, नांगर दुसऱ्याकडं. राहिली ढगी. काळ्या अंगावर पांढरे ढग असलेली आमची एकुलती एक संकरित गाय. तिचे दोन भाग होईनात, म्हणून तिच्या दिवसाचे दोन भाग केले. सकाळची वैरण आणि सकाळचं दूध आमचं. संध्याकाळची वैरण आणि संध्याकाळचं दूध नानांचं. वासरं आलटून पालटून. मागचं आमच्या वाट्याला आलं होतं, या खेपेचं नानांचं होतं.

गोठा दोन घरांच्या मधोमध. दोघं भाऊ रोज तिथं समोरासमोर यायचे आणि एकमेकांशी चकार शब्द बोलायचे नाहीत. सगळं बोलणं माझ्यातून जायचं.

“प्रणे, त्याला सांग, खुंट्याची दोरी झिजलीय.”

नाना सात पावलांवर उभे असायचे. मी मान वळवून सांगायची, “नाना, दोरी झिजलीय.”

“त्यांना सांग, मला डोळे आहेत.”

“आप्पा, त्यांना डोळे आहेत.”

आई म्हणायची, “पोरीचा नुसता टेलिफोन करून टाकलाय या दोघांनी.” पण खरं सांगू? मला ते आवडायचं. दोन्ही घरांत माझ्याशिवाय पान हलत नव्हतं. सातवी-आठवीत मी वर्गात शेवटच्या बाकावर, तोंड उघडायची चोरी अशी मुलगी होते. नववीत काय झालं कोण जाणे, अंगात वारंच शिरलं. वक्तृत्व स्पर्धेत नाव दिलं. कबड्डीच्या संघात गेले. आणि सप्टेंबरात दूध संस्थेत जनावरांच्या डॉक्टर मुलाणी मॅडम बोलायला आल्या, तेव्हा चाळीस शेतकऱ्यांत मी एकटी उभी राहिले आणि विचारलं, “मॅडम, आमच्या गायीची मागच्या वेळी वार अडकली. परत अडकू नये म्हणून काय करायचं?”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मॅडम म्हणाल्या, “शाबास. हा प्रश्न इथल्या एकाही बाप्यानं विचारला नाही.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. जनावराला काही धातू अगदी कणाकणानं लागतात, पण ते मिळाले नाहीत तर गाय माजावर येत नाही, खूर बिघडतात, व्याल्यावर वार, म्हणजे वासरामागून पडायची झिल्ली, पडत नाही. म्हणून रोज पन्नास ग्रॅम मिनरल मिक्श्चर द्यावं. त्या पुढंही बरंच बोलल्या. पण माझ्या शेजारच्या बायका माझ्या पाठीवर थापा मारत होत्या, “भानुदासची पोरगी बघ कशी धीट,” असं चाललं होतं, त्यामुळं पुढचं मी ऐकलंच नाही.

मागच्या वेळची गोष्ट दोन्ही घरं विसरली नव्हती. ढगी व्याली आणि वार तीन दिवस आत राहिली. ताप चढला, गोठ्याचा वास दोन्ही घरांच्या स्वयंपाकघरापर्यंत यायला लागला. चौथ्या दिवशी ती बसली ती उठेचना. वाचली, पण दुधाला निम्म्यानं उतरली. यंदा परत तसं झालं तर ती निभावणार नाही, असं मॅडम तेव्हाच बोलल्या होत्या.

म्हणून आप्पांनी संस्थेतून पुडा आणला. मापाच्या चमच्यासकट. मला भरड्यात कालवायला सांगितलं आणि म्हणाले, “नान्याला सांगू नकोस. उगाच.”

आणि चार दिवसांनी नानांनी मला कडबाकुट्टीच्या मागं बोलावलं.

तर सकाळी साडेसहाला, शाळेच्या आधी, मी आप्पांचे पन्नास ग्रॅम घालायची. संध्याकाळी शाळेतून आल्यावर नानांचे पन्नास ग्रॅम. पन्नास आणि पन्नास शंभर. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मी खूश होते. पेपरला एक पुरवणी लावली तर मार्क मिळतात, दोन लावल्या तर जास्त मिळतात, असा माझा हिशेब. शिवाय दोघांचं गुपित माझ्याकडं! गोठ्यात शिरताना मला सीमेवरचा गुप्तहेर असल्यासारखं वाटायचं.

तीन आठवडे असे गेले. ढगीला आठवा सरून नववा लागला होता. आटवलेली असल्यामुळं दूध नव्हतं, नुसतं खायचं आणि पोट सांभाळायचं. आणि तिनं खाणं कमी केलं.

आधी भरड्यातलं निम्मं गव्हाणीत राहायला लागलं. मग शेण पातळ झालं. पाण्याला जाताना ती पाय आखडून, जपून टाकायला लागली. एरवी मी आल्यावर कान हलवायची, तेही बंद.

“त्याला सांग,” आप्पा म्हणाले, “संध्याकाळची वैरण शिळी असणार.”

“नाना, वैरण शिळी असणार.”

“त्यांना सांग, सकाळचा कडबा बुरशीचा आहे.”

“आप्पा, कडबा बुरशीचा आहे.”

त्याच दिवशी आप्पांनी मला हळूच बाजूला घेतलं. “प्रणू, ते औषध कमी पडतंय बहुतेक. अर्धा चमचा वाढव.” संध्याकाळी नाना मोटारीच्या पेटीपाशी थांबले होते. “पोरी, जरा हात सैल सोड. असली माल आहे, बाधायचा नाही.”

मी दोन्ही वाढवलं. ढगी खात नाही म्हणून गुळाच्या पाण्यात कालवून दिलं. हातानं भरवलं. ती नको नको म्हणून मान फिरवायची आणि मी, “खा गं बाई, तुझ्याच भल्याचं आहे,” म्हणत तिच्या जिभेखाली घालायची. ते आठवलं की अजून मला माझ्या हाताचा राग येतो.

रविवारी दहा वाजता मुलाणी मॅडम आल्या. संस्थेत नाव आप्पांनी लावलं होतं, पण स्कूटीचा आवाज ऐकून नानाही आले आणि गव्हाणीच्या दुसऱ्या टोकाला हाताची घडी घालून उभे राहिले. मधे ढगी. ढगीच्या शेपटीपाशी मी.

मॅडमनी ताप बघितला. पोटावर कान लावला. खूर उचलून बघितले, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या.

“ताप नाही,” त्या म्हणाल्या. “वासरू हलतंय. पण गाय थकलीय. मागच्या वेळी वार अडकली होती, नाही का? व्यायच्या आधी तिला व्हिटॅमिन ई आणि सेलेनियमचं इंजेक्शन द्यायचं, असं मी तेव्हाच वहीत लिहून ठेवलं होतं. तेच देऊन टाकते.” त्यांनी पेटी उघडली, बाटली काढली, सुई लावली. “मिनरल मिक्श्चर काय चालू आहे?”

आप्पांनी नानांकडं बघितलं नाही, पण त्यांची मान ताठ झाली. “काही नाही,” आप्पा म्हणाले. “आपलं नेहमीचं. कडबा, भरडा.”

“संध्याकाळी?”

“तेच,” नाना म्हणाले. “साधंच आपलं.”

“क्षारांची वीट टांगलीय का चाटायला? टॉनिक? कुणी सुई मारून गेलंय?”

“नाही, नाही.”

“नीट आठवून सांगा,” मॅडम म्हणाल्या. बाटली उलटी धरून औषध सुईत ओढत होत्या. “बाकीचं औषध थोडं इकडं-तिकडं झालं तर चालतं. सेलेनियम तसं नाही. लागतं ते कणभर, आणि कणभर जास्त झालं की तेच विष. वरून चालू असेल तर मी ही सुई देत नसते. परत विचारते. काही चालू नाही ना?”

“नाही म्हटलं ना,” आप्पा म्हणाले.

“काही नाही,” नाना म्हणाले.

दोन वर्षांत दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं, आणि ते धडधडीत खोटं होतं.

मॅडमनी ढगीच्या मानेवर कापसानं पुसलं. स्पिरिटचा वास आला. मी आप्पांकडं बघितलं, त्यांनी मला डोळ्यांनी दटावलं. नानांकडं बघितलं, त्यांनी ‘नको’ म्हणून मान इतकीशी हलवली. दोन वचनं आणि एक गाय. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, बोललं तर दोघांची गुपितं फुटतीलच, पण ती बारीक चार ओळींची गोष्टही बाहेर येईल, हे मला त्याच क्षणी कळलं.

मॅडमनी मानेची कातडी चिमटीत धरली.

“थांबा मॅडम!”

माझा आवाज एवढा मोठा आला की ढगीसुद्धा दचकली.

“आप्पा सकाळी मिनरल मिक्श्चर देतात. नाना संध्याकाळी देतात. दोघांचं मीच घालते. तीन आठवडे झाले.”

मॅडमनी चिमटीतली कातडी सोडली.

“किती?” मॅडमनी विचारलं. सुई अजून हातातच होती.

“पन्नास आणि पन्नास. गेल्या चार दिवसांत सत्तर-सत्तर.”

“घेऊन ये. दोन्ही.”

मी पळत गेले. घरातून आप्पांचा पुडा आणला, मोटारीच्या पेटीमागून नानांची पिशवी आणली. दोन्ही गव्हाणीच्या कट्ट्यावर ठेवली. आप्पा पिशवीकडं बघत होते. नाना पुड्याकडं बघत होते.

मॅडमनी पुडा बघून बाजूला ठेवला. “हे ठीक आहे.” मग पिशवीतला कागद उलगडला आणि शेवटपर्यंत वाचला. बराच वेळ वाचला.

“हे कुणी वाचलं होतं?”

“मी.”

“सगळं?”

“नावं वाचली,” मी म्हणाले. “खालचं नाही.”

“आत्ता वाच. मोठ्यांदा.”

मी वाचलं. इंग्रजीत वाचलं आणि मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत सांगितलं. हे मिश्रण कारखान्यात खाद्य बनवताना घालायचं असतं. एक टन खाद्यात एक किलो. जनावराला थेट देऊ नये.

“तुमची गाय दिवसाला किती भरडा खाते?”

“चार किलो.”

“मग यातलं किती पोटात जायला हवं होतं? कर हिशेब.”

हजार किलोत हजार ग्रॅम. चार किलोत चार ग्रॅम. मी बोटांवरसुद्धा मोजलं नाही, एवढा सोपा होता. “चार ग्रॅम,” मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. मी तिला सत्तर भरवले होते. गुळाच्या पाण्यातून. हातानं.

मॅडमनी सुईतलं औषध कापसावर सोडलं, सुई डब्यात टाकली.

तेव्हा कुठं भावांना वाचा फुटली. पण एकमेकांशी नाही.

“अक्कल आहे का गं तुला?” आप्पा गरजले. “दोन्हीकडून घालतेस आणि तोंडातून ब्र काढत नाहीस?”

“वाचता येतं म्हणून मिरवत होतीस ना?” नाना ओरडले. “मग वाचायचंस की पुरतं!”

“शाळेत हेच शिकवतात का?”

“ते सांग आधी!”

दोन वर्षांत दोघांनी मिळून केलेलं पहिलं काम म्हणजे मला झाडणं. मॅडमनी पेटीचं झाकण धाडकन लावलं.

“झालं? आता माझं ऐका. मी या गोठ्यात तीनदा विचारलं. दोन बाप्ये खोटं बोलले. पोरगी चुकली, पण बोलली. ती बोलली नसती तर ही सुई आत गेली असती आणि तुम्ही दोघं मला दोष देत बसला असता.” मग माझ्याकडं वळल्या. “आणि तू. धिटाई पुरे झाली, आता जरा वाचायला शीक. त्या दिवशी संस्थेत मी पुढं काय म्हणाले होते?”

“मी ऐकलं नाही मॅडम.”

“म्हणाले होते, एका गायीला एकच मिश्रण, एकाच हातानं. पुडा बदलला की माप बदलतं.”

त्यांनी ढगीच्या मानेतून रक्त काढून घेतलं, तपासायला. दोन्ही पावडरी बंद केल्या. स्वच्छ पाणी, ओली मका, चांगला कडबा, बाकी काही नाही. नानांची पिशवी उकिरड्यावर न टाकता कारखान्यात परत द्यायला लावली. जाताना म्हणाल्या, “वासराचं आणि वारेचं मी आत्ता काही सांगू शकत नाही. वाट बघा.”

आठ दिवसांनी तपासणीचा कागद आला. सेलेनियम वर गेलेलं होतं, अगदी काठावर. इंजेक्शन पडलं असतं तर काय झालं असतं, असं मी फोनवर विचारलं. मॅडम म्हणाल्या, “ते मला सांगता यायचं नाही, आणि मला ते बघायचंही नव्हतं.”

आप्पा माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. नानांच्या घरी गेले की काकू चहा द्यायची, पण नाना वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचे. गोठ्यातला टेलिफोन मात्र चालूच होता. “त्याला सांग, हौद भरलाय.” “त्यांना सांग, बघितलंय.” फक्त आता मी ते सांगताना मला मजा येत नव्हती. ढगी हळूहळू खायला लागली. शेण बांधून आलं. पण पाय अजून जपूनच टाकायची, आणि मी रोज सकाळी उठल्या उठल्या पहिल्यांदा तिच्या पोटाला हात लावून बघायची, आत लाथ बसते का म्हणून.

सहामाही परीक्षा संपली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता ढगी व्यायला लागली.

घरी मी आणि आप्पाच होतो. आप्पा म्हणाले, “जा, त्याला बोलाव.” मी हाक मारायच्या आत नाना बांधावरून धावत येताना दिसले.

वासराचे पुढचे पाय बाहेर आले आणि तिथंच थांबले. ढगीला जोर नव्हता. ती कळ द्यायची आणि अर्ध्यातच सोडून द्यायची. आप्पांनी एक पाय धरला, नानांनी दुसरा. मी ढगीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. दोघं न बोलता एकमेकांकडं बघून ओढत होते, तिच्या कळेबरोबर, ती थांबली की थांबत होते. दोघांनी लहानपणापासून हे एकत्र केलेलं असणार, कारण कुणाला काही सांगावं लागत नव्हतं.

कालवड झाली. लहानखुरी, ओली, आणि हलेना.

नानांनी तिच्या नाकातला चिकटा काढला, तोंडात बोट घालून जीभ मोकळी केली. आप्पांनी मागचे पाय धरून उलटं लोंबवलं. ती शिंकली. मग परत शिंकली. काकू दारातून ओरडली, “जित्ती आहे!” आणि मी ढगीच्या मानेत तोंड खुपसून रडले.

पण काम संपलं नव्हतं. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “सहा-आठ तास वाट बघा. लोंबतंय म्हणून ओढू नका, दगड बांधू नका. हात घालू नका. नाही पडली तर मला कळवा.”

मग आम्ही वाट बघत बसलो. कालवड तासाभरानं धडपडत उठली, तीनदा पडली, चौथ्यांदा आचळाला लागली. त्याचा आनंदसुद्धा कुणी धड केला नाही. सगळ्यांचं लक्ष ढगीच्या शेपटीखाली. आप्पा दगडावर, नाना उलट्या घमेल्यावर, मी जमिनीवर. चार वाजले. पाच वाजले. उन्हं गोठ्याच्या पत्र्यावरून उतरली.

नाना काडीनं जमिनीवर रेघा ओढत होते. एकदम म्हणाले, “प्रणे, त्यांना विचार. वासरू माझं होतं. मग ते औषध कशाला टाकत होते?”

मी आप्पांकडं बघितलं. विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. प्रश्न त्यांना ऐकू गेला होता.

आप्पा ढगीकडं बघतच बोलले, “मागल्या वेळी ती बसली होती, तेव्हा रात्रभर तिचं डोकं कुणी धरलं होतं, ते मी खिडकीतून बघितलंय. तेव्हा वासरू तर आमचं होतं.”

नानांची काडी थांबली. त्यांनी ती मोडून टाकली आणि दुसरी घेतली.

पावणेसातला ढगी उठून उभी राहिली, पाठ वाकवली आणि वार पडली. सगळीच्या सगळी, एकदम. आप्पांनी काठीनं पसरून बघितली, कुठं तुटलेली नव्हती. नाना आधीच कुदळ आणायला गेले होते. कुत्र्यांच्या तोंडी लागू नये म्हणून लिंबाच्या खाली खड्डा करायचा असतो. कुदळ एक मारत होता, माती दुसरा ओढत होता. बोलत मात्र नव्हते.

दुसऱ्या दिवशी मॅडम येऊन बघून गेल्या. गाय ठीक, कालवड ठीक. “वीस दिवसांनी रक्त परत तपासू,” त्या म्हणाल्या. “बरोबर आलं की ते पुड्यातलं मिनरल मिक्श्चर सुरू करायचं. पन्नास ग्रॅम, दिवसातून एकदा. पण एकानंच घालायचं. कोण घालणार?”

आप्पा माझ्याकडं बघायला लागले. नानाही. म्हणजे मला माफ केलं होतं. महिन्यापूर्वीची मी असते तर उडी मारून हात वर केला असता.

“मी नाही,” मी म्हणाले.

“का गं?” आप्पा म्हणाले. “आता वाचशील की नीट.”

“वाचीन. कागद कुठलाही आणा, शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवीन. पण घालणार नाही, आणि याचं त्याला, त्याचं याला सांगणारही नाही. मी सांगत राहिले म्हणून तुम्हाला एकमेकांना विचारावं लागलं नाही. तुम्ही कधीच विचारलं नाही म्हणून तिला दुप्पट गेलं. आता जे काय असेल ते तुमचं तुम्ही विचारा.”

मॅडम हसल्या, पण तोंड दुसरीकडं करून. मग पुडा आप्पांच्या हातात देऊन म्हणाल्या, “मग तुम्ही.”

वीस दिवसांनी कागद आला. सेलेनियम खाली आलं होतं. मी तो कागद गोठ्यातच वाचून दाखवला, तारीख आणि सहीपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले होते. आप्पा हात धुऊन गोठ्यातून बाहेर येत होते. नाना कुट्टीपाशी आले, थांबले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, “प्रणे, त्यांना विचार जरा...”

मी सायकलच्या चाकात हवा भरत होते. भरतच राहिले. चाक आधीच दगडासारखं टणक झालं होतं.

नाना खाकरले. पायातली चप्पल नीट केली. मग वर बघितलं.

“दादा,” ते म्हणाले, “आज घातलंस का?”

आप्पा थांबले. त्यांनी ओले हात धोतराला पुसले, आधी एक, मग दुसरा.

“घातलं,” ते म्हणाले. “पन्नास.”